नव्या आकर्षणाचा शेजार : कोनी आयलंड व ऑरलँडो येथील करमणूक-उद्यानांच्या स्पर्धेचा इतिहास

१

एका उद्यानात नवा खेळ सुरू झाला की शेजारच्या उद्यानातील गर्दी ओसरते, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. याच्या नेमके उलट असे दुसरे विधानही व्यवसायात रूढ आहे. बाजारपेठेत दुकानांची ओळ लांबली म्हणजे गिऱ्हाईकही वाढते, त्याप्रमाणे एका उद्यानाचे नवे आकर्षण साऱ्या परिसराला लाभदायक ठरते, असे उद्यानांचे चालक सांगत आले आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सर्वस्वी खरी असू शकत नाहीत. परंतु दोन्हींच्या पाठीशी काही ना काही अनुभव उभा आहे, हेही नाकारता येत नाही. तेव्हा कोणत्या परिस्थितीत कोणते विधान लागू पडते, असा प्रश्न मांडणे अधिक युक्त होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास दोन स्थळे विशेष उपयोगी आहेत. पहिले, न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील दक्षिण किनाऱ्यावरील कोनी आयलंड. १८९५ ते १९११ या सोळा वर्षांत तेथे चार बंदिस्त उद्याने उभी राहिली, आणि त्यांपैकी दोन याच अवधीत नामशेष झाली. दुसरे, फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो. १९७१ पासून जगातील सर्वांत मोठ्या उद्यानांची दाटी तेथे होत गेली. पहिल्या स्थळी स्पर्धेची सारी कारणपरंपरा अल्प काळात व अल्प क्षेत्रात पाहावयास मिळते. दुसऱ्या स्थळी ती संथ गतीने, परंतु आकड्यांच्या साहाय्याने तपासता येते.

आकड्यांविषयी प्रारंभीच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोनी आयलंडच्या काळातील उपस्थितीचे आकडे बहुधा चालकांनीच वृत्तपत्रांना पुरविलेले असत, आणि गर्दी फुगवून सांगणे हा जाहिरातीचाच एक भाग होता. समुद्रकिनारा सर्वांना खुला असल्यामुळे तेथे आलेल्या माणसांची मोजदाद करण्यास कोणतेही द्वार नव्हते. ऑरलँडोतील मोठ्या कंपन्या प्रत्येक उद्यानाची उपस्थिती सामान्यतः प्रसिद्ध करीत नाहीत. अभ्यासक ज्यांचा आधार घेतात ते आकडे व्यवसायातील एका संघटनेने दर वर्षी प्रसिद्ध केलेले अंदाज आहेत. म्हणून पुढील विवेचनात नुसत्या आकड्यांपेक्षा त्यांच्या दिशेला, आणि त्या दिशेमागील कारणांना, अधिक महत्त्व दिले आहे.

२

कोनी आयलंड येथील स्पर्धेचा आरंभ उद्यानांच्याही आधीचा आहे. १८८४ साली लामार्कस टॉम्प्सन याने तेथे उतारावरून घसरत जाणारी गाड्यांची रेल्वे उभारली आणि प्रत्येक फेरीस ५ सेंट आकारले. गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई, प्रवासी उतरत, गाडी पुन्हा मनोऱ्यावर चढविली जाई, आणि मग परतीचा प्रवास होई. हा खेळ लोकप्रिय झाला त्याच वर्षी चार्ल्स अल्कोक याने प्रवाशांना मध्येच न उतरविता मूळ जागी आणून सोडणारा वर्तुळाकार मार्ग बांधला. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, फिलिप हिंकल याने यंत्राच्या साहाय्याने गाडी वर ओढून नेण्याची सोय केली. दोन वर्षांच्या आत मूळ आकर्षण शिळे झाले! येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रतिस्पर्ध्याने काही निराळे शोधून काढले नाही. त्याने तेच आकर्षण घेतले आणि त्यातील गैरसोय दूर केली. नावीन्याचे संरक्षण करणे किती कठीण असते, याचा हा पहिला धडा होय.

१८९५ साली कॅप्टन पॉल बॉयटन याने सी लायन पार्क उघडले. रबरी पोशाख घालून नद्या व समुद्र पोहून जाणारा साहसी म्हणून त्याची कीर्ती होती. कुंपण घातलेले आणि आत शिरण्यासाठीच मूल्य आकारणारे उत्तर अमेरिकेतील पहिले करमणूक-उद्यान म्हणून याचा निर्देश केला जातो. शिकविलेले जलसिंह आणि उंचावरून पाण्यात झेपावणारी सपाट तळाची होडी ही त्याची मुख्य आकर्षणे होती. खेळ फार नव्हते; महत्त्वाची होती ती कुंपणाची कल्पना. कुंपण आले म्हणजे आतला आणि बाहेरचा असा भेद आला, आणि त्याबरोबरच एका मालकाची गर्दी व दुसऱ्या मालकाची गर्दी हा भेदही आला. ज्या स्पर्धेचा येथे विचार करावयाचा आहे ती या कुंपणानंतरच शक्य झाली.

बॉयटनचे अनुकरण जॉर्ज टिल्यू याने केले. टिल्यू कोनी आयलंडवरच वाढलेला होता, आणि तेथील गिऱ्हाइकाची नस त्याला ठाऊक होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याने फेरिस याचा प्रचंड आकाशपाळणा पाहिला. तो विकत घेणे शक्य न झाल्यामुळे त्याने त्याच्या निम्म्याहून लहान पाळणा स्वतःसाठी करविला, आणि तो जगातील सर्वांत मोठा पाळणा असल्याची पाटी बेधडक लावून दिली. १८९७ मध्ये त्याने आपले विखुरलेले खेळ कुंपणात घेऊन स्टीपलचेस पार्क स्थापन केले. उतरत्या रुळांवरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांची शर्यत हे त्याचे नामांकित आकर्षण. ही कल्पना मूळची इंग्लंडातील होती. अशा रीतीने १८९७ नंतर दोन बंदिस्त उद्याने एकमेकांच्या शेजारी नांदू लागली, आणि त्या दोहोंतील फरक लवकरच स्पष्ट झाला. टिल्यू दर वर्षी काही ना काही भर घालीत राहिला. बॉयटनच्या उद्यानात तशी भर पडली नाही. १९०२ चा उन्हाळा पावसात गेला आणि बॉयटनने आपली जागा सोडली.

बॉयटनच्या पराभवाचे श्रेय टिल्यूच्या आकर्षणांना किती द्यावे आणि पावसाला किती, हे निश्चितपणे विभागून सांगता येणार नाही. परंतु एवढे खरे की, ज्या उद्यानात पाहण्यासारखे काही नवे नाही त्याला एक वाईट हंगामही सोसवत नाही. स्पर्धकाचे नवे आकर्षण दुबळ्या उद्यानाचा एका दिवसात बळी घेत नाही. ते त्याची प्रतिकारशक्ती कमी करते, आणि प्रत्यक्ष आघात दुसरेच कोणी तरी करून जाते. ऑरलँडोच्या इतिहासातही हीच गोष्ट पुन्हा दिसून येईल.

३

कोनी आयलंडच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले ते एका खेळाच्या स्थलांतरामुळे. फ्रेडरिक टॉम्प्सन या तरुणाने १९०१ साली बफलो येथील प्रदर्शनात 'चंद्राची सफर' नावाचा खेळ उभारला होता. प्रेक्षक एका हवाई नौकेत बसत. पडदे, प्रकाश आणि नौकेचे हेलकावे यांच्या योगाने आपण पृथ्वी सोडून जात आहो असा त्यांना भास होई, आणि शेवटी ते चंद्रावरील गुहांतून फिरून येत. टॉम्प्सन व त्याचा भागीदार एल्मर डंडी यांना टिल्यूने १९०२ च्या हंगामासाठी हा खेळ घेऊन स्टीपलचेस येथे बोलाविले. पावसाळी हंगामातही खेळ चालला. परंतु पुढील वर्षासाठी टिल्यूने त्यांना पूर्वीपेक्षा कमी वाटा देऊ केला, आणि ते दोघे निघून गेले. बॉयटनने सोडलेली जागा त्यांनी भाड्याने घेतली, एका हिवाळ्यात तिचे रूप पालटून टाकले, आणि १६ मे १९०३ रोजी तेथे लूना पार्क उघडले.

लूना पार्कच्या उभारणीस सुमारे ७ लक्ष डॉलर खर्च आला असे सांगितले जाई, आणि त्यातील विजेच्या दिव्यांची जाहीर केलेली संख्या अडीच लक्ष होती. ज्या काळात शहरातील बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या घरी वीज पोचलेली नव्हती, त्या काळात मिनार, घुमट व कमानी यांची अशी झगमगती नगरी पाहावयास मिळणे हेच एक आकर्षण होते. प्रवेशद्वारी केवळ १० सेंट घेतले जात. आतील खेळांसाठी निराळे पैसे पडत. टिल्यूने याच्या उलट २५ सेंटांचे एकत्रित तिकीट रूढ केले होते. ही दोन धोरणे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. लूनाचे द्वार स्वस्त असल्यामुळे स्टीपलचेस पाहून आलेल्या माणसालाही तेथे डोकावणे परवडत असे. एका उद्यानाची निवड म्हणजे दुसऱ्याचा त्याग, असा प्रसंग त्याच्यावर येत नसे. उद्याने एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर होती. मॅनहॅटनहून निघालेला माणूस एकदा किनाऱ्यावर पोचला म्हणजे सायंकाळपर्यंत दोन किंवा तीन उद्याने पाहू शकत होता.

यामुळे लूना पार्कच्या उदयाने स्टीपलचेस बसले असे घडले नाही. टिल्यूच्या हातून त्याचे सर्वोत्तम आकर्षण निसटले होते, शेजारी त्याच्याहून भव्य उद्यान उभे राहिले होते, आणि तरीही त्याचे उद्यान चालत राहिले. कोनी आयलंडची गणना पूर्वी जुगार, मद्य व इतर अनाचार यांची वस्ती म्हणून होत असे. कुंपणाच्या आत ती भीती नव्हती. म्हणून नव्या उद्यानांनी केवळ जुनी गर्दी वाटून घेतली नाही. जी कुटुंबे पूर्वी तेथे येण्यास कचरत होती तीही येऊ लागली. आपल्याकडील जत्रेची रचना डोळ्यांपुढे आणली तर ही गोष्ट सहज ध्यानात येईल. जत्रेतील पाळणे गर्दी निर्माण करीत नाहीत. गर्दी देवासाठी जमते, आणि पाळणे तिच्यावर जगतात. कोनी आयलंड येथे देवाच्या जागी समुद्र होता. समुद्रासाठी जमणाऱ्या गर्दीवर आरंभी सर्व खेळ जगत होते. लूना पार्कनंतर मात्र खेळांसाठीच येणारा एक निराळा वर्ग तयार झाला, आणि हीच या काळातील खरी क्रांती होय.

४

लूना पार्कच्या यशाने विल्यम रेनॉल्ड्स या माजी सेनेटरास प्रेरणा दिली. १९०४ च्या मे महिन्यात त्याने लूनाच्या समोर, अगदी समुद्राला लागून, ड्रीमलँड हे उद्यान उघडले. त्याचे सूत्र साधे होते. लूनापाशी जे आहे ते आपल्यापाशी अधिक प्रमाणात असले पाहिजे. लूनाचे दिवे अडीच लक्ष, तर ड्रीमलँडच्या दिव्यांची जाहीर संख्या दहा लक्ष. लूना रंगीबेरंगी, तर ड्रीमलँड शुभ्र व भारदस्त; मध्यभागी ३७५ फूट उंचीचा मनोरा. लूना पार्कमध्ये आगीचा देखावा दाखविला जाई: इमारत पेटे, माणसे खिडक्यांतून उड्या घेत, बंब धावून येत. ड्रीमलँडमध्येही तसाच, किंबहुना त्याहून मोठा, देखावा होता. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना ऊबपेट्यांत ठेवून त्यांचे प्रदर्शन मार्टिन कूनी हा दोन्ही उद्यानांत भरवीत असे. तीनशे ठेंगण्या माणसांचे एक स्वतंत्र गाव ड्रीमलँडमध्ये वसविण्यात आले होते, आणि त्याचा स्वतःचा अग्निशामक बंबही होता.

येथे स्पर्धेचे तिसरे रूप पुढे येते. नवे आकर्षण शेजाऱ्याची गर्दी ओढते, किंवा एकूण गर्दी वाढविते, एवढ्या दोनच शक्यता नसतात. ते शेजाऱ्याला खर्चात पाडते. कोनी आयलंडची उद्याने हिवाळ्यात बंद असत, आणि प्रत्येक हिवाळ्यात चालकांना पुढील हंगामाची तयारी करावी लागे. एकाने काय बांधावयास घेतले आहे याची वार्ता दुसऱ्यास लपत नसे. परिणामी उपस्थिती वाढली तरी ती टिकविण्याचा खर्च तिच्याहून वेगाने वाढू लागला. फ्रेडरिक टॉम्प्सन हा स्वतः वास्तुकलेचा व्यासंगी. आपल्या उद्यानाचे रूप त्याला कधीच पुरेसे वाटत नसे, आणि नवनवे मनोरे व देखावे यांवर तो सतत पैसा ओतीत राहिला. १९०७ मध्ये डंडीचे निधन झाल्यावर त्याच्या हाताला आवर घालणारे कोणी उरले नाही. १९१२ साली टॉम्प्सनचे दिवाळे निघाले आणि लूना पार्क त्याच्या हातून गेले. उद्यान ओस पडलेले नव्हते. ते गजबजलेले होते. मालक मात्र बुडाला होता. उपस्थितीच्या आकड्यावरून उद्यानाच्या प्रकृतीचे निदान करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

ड्रीमलँडचा शेवट याहून भीषण झाला. भव्यतेच्या जोरावर लूनाला मागे टाकण्याचा त्याचा उद्देश कधीच सफल झाला नव्हता. १९११ च्या हंगामासाठी त्याचा शुभ्र रंग बदलण्यात आला आणि उद्यान नव्याने सजविण्यात आले. २७ मे १९११ च्या पहाटे, हंगाम सुरू होण्याच्या ऐन वेळी, नरकद्वाराच्या देखाव्यात डागडुजी चालू असता तेथील दिवे अचानक गेले, अंधारात डांबराचे भांडे लवंडले, आणि काही तासांत लाकूड व लगदा यांनी बांधलेले ते सारे वैभव जळून खाक झाले. ऊबपेट्यांतील अर्भके वाचविण्यात आली. प्राण्यांपैकी अनेक मात्र होरपळून मेले. जेथे खोटी आग लावून ती विझविण्याचे कौतुक दाखविले जाई, तेथे खरी आग विझविता आली नाही. ड्रीमलँड पुन्हा बांधले गेले नाही.

या आगीचा संबंध स्पर्धेशी जोडणे काहींना ओढाताणीचे वाटेल. परंतु एका हिवाळ्यात नगरी उभारावयाची, पुढील हिवाळ्यात तिचे रूप पालटावयाचे, आणि हंगामाच्या पूर्वसंध्येपर्यंत रात्रंदिवस कामे उरकावयाची, ही पद्धती जेथे रूढ होते तेथे टिकाऊ व सुरक्षित बांधकामास वाव राहत नाही. स्टीपलचेसलाही १९०७ च्या जुलै महिन्यात आगीने ग्रासले होते. टिल्यूने दुसऱ्या दिवशी धुमसते अवशेष पाहण्यासाठी १० सेंट आकारण्याची पाटी लावली, हा प्रसंग त्याच्या विनोदी धैर्याचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. त्याहून महत्त्वाचे ते पुढे घडले. १९०८ मध्ये त्याने पोलाद व काच यांनी आच्छादलेला एक विशाल मंडप उभारला, आणि बहुतेक खेळ त्याच्या छपराखाली आणले. ज्या पावसाने बॉयटनला घालविले त्या पावसाचा बंदोबस्त टिल्यूने केला. वरवर पाहता छप्पर हे आकर्षण नव्हे. परंतु शेजारच्या दोन उद्यानांवर पाऊस कोसळत असता लोकांना कोठे जावेसे वाटेल, हे सांगावयास नको.

टिल्यूच्या यशाचे आणखी एक कारण आहे. लूना व ड्रीमलँड येथे प्रेक्षक देखावा पाहत. स्टीपलचेसमध्ये प्रेक्षक स्वतःच देखावा होत. हलत्या जिन्यावरून तोल जाणारी, फिरत्या तबकडीवरून फेकली जाणारी, वाऱ्याच्या झोताने टोपी उडालेली माणसे पाहून इतर माणसे हसत, आणि नंतर स्वतः त्याच फजितीस सामोरी जात. चंद्राची सफर दोनदा केली की तिच्यातील रहस्य संपते. माणसाची फजिती मात्र दर वेळी नवी असते. तिला नव्या भांडवलाची गरज फारशी भासत नाही. १९१४ मध्ये टिल्यूचे निधन झाले, परंतु त्याच्या कुटुंबाने चालविलेले ते उद्यान १९६४ पर्यंत टिकले. लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर बंद पडले होते. चार उद्यानांत सर्वांत दीर्घायुषी ठरले ते सर्वांत कमी भव्य असलेले.

५

कोनी आयलंडच्या अनुभवातून काढलेली अनुमाने सर्वत्र लागू होतात की काय, हे ऑरलँडोच्या आधाराने तपासता येते. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील मॅजिक किंगडम हे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. १९७३ मध्ये सी वर्ल्ड आले, १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये डिस्नेचे चित्रपटविषयक उद्यान, १९९० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज, १९९८ मध्ये अॅनिमल किंगडम, आणि १९९९ मध्ये युनिव्हर्सलचे आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर. युनिव्हर्सल आपले चित्रपट-उद्यान आखीत असतानाच डिस्नेने तशाच प्रकारचे उद्यान एक वर्ष आधी उघडून दाखविले. लूना व ड्रीमलँड यांच्या अग्निदेखाव्यांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु दोन्ही स्थळांत एक मूलभूत भेद आहे. कोनी आयलंडचा प्रेक्षक शहरातून दिवसभरासाठी येई. ऑरलँडोचा प्रेक्षक पुष्कळदा दूरदेशाहून काही दिवसांसाठी येतो. त्याच्या प्रवेशाचे मूल्य एवढे मोठे असते की एका दिवसात दोन प्रतिस्पर्धी उद्याने पाहणे त्याला परवडत नाही. कोनी आयलंड येथे स्पर्धा होती ती सेंटांसाठी. ऑरलँडो येथे ती दिवसांसाठी आहे. सुट्टीच्या सहा दिवसांपैकी कोणते उद्यान किती दिवस मिळविणार, हा तेथील प्रश्न होय. मोठी कंपनी अनेक दिवसांचे तिकीट क्रमाक्रमाने स्वस्त करीत जाते, त्याचा हेतू हाच, की पाहुण्याचा पाचवा दिवस शेजाऱ्याकडे जाऊ नये.

१८ जून २०१० रोजी आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर येथे हॅरी पॉटरच्या कथाविश्वावर आधारलेला विभाग सुरू झाला. उपरिनिर्दिष्ट वार्षिक अंदाजांनुसार त्या उद्यानाची उपस्थिती २००९ मध्ये सुमारे ४६ लक्ष होती. २०१० मध्ये ती सुमारे ५९ लक्ष झाली, आणि २०११ मध्ये ७६ लक्षांच्या वर गेली. २००९ हे आर्थिक मंदीचे वर्ष असल्यामुळे या वाढीचा काही भाग मंदीतून सावरण्याचा समजला पाहिजे. तथापि दोन वर्षांत झालेली ही वाढ केवळ त्याने समजत नाही. शेजारचे युनिव्हर्सल स्टुडिओज त्याच मालकीचे असून तेथेही २०१० मध्ये उपस्थिती सुमारे ५५ लक्षांवरून ५९ लक्षांवर गेली. मॅजिक किंगडमची उपस्थिती सुमारे १ कोटी ७२ लक्षांवरून १ कोटी ७० लक्षांवर आली, म्हणजे घट दीड टक्क्याच्या आसपास. सी वर्ल्डची मात्र ५८ लक्षांवरून ५१ लक्षांवर घसरली.

हा क्रम बोलका आहे. ज्याच्या घरी नवे आकर्षण आले त्याला मोठा लाभ झाला, त्याच्याच दुसऱ्या उद्यानाला लहान लाभ झाला, सर्वांत बलिष्ठ प्रतिस्पर्ध्याला ओरखडा उठला, आणि खरा आघात तिसऱ्यावर झाला. पाहुण्याने पॉटरसाठी जो दिवस काढला तो डिस्नेच्या वाट्यातून फारसा काढला नाही. ज्याच्या वाट्याला मुळातच एक दिवस येत होता त्याचा तो गेला. अर्थात् येथेही कारणे एकाच धाग्यात ओवता येत नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत सी वर्ल्ड येथे एका व्हेलने प्रशिक्षिकेचा जीव घेतल्याची दुर्घटना घडली होती, आणि उपस्थितीवर तिचाही परिणाम झाला असल्याचा संभव आहे. बॉयटनला पाऊस आणि टिल्यू यांनी मिळून घालविले, तसेच हे.

पुढील घटनांनी हा क्रम पुष्कळ अंशी दृढ केला. ८ जुलै २०१४ रोजी पॉटरचा दुसरा विभाग युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये सुरू झाला, आणि दोन्ही विभाग जोडणारी आगगाडी ठेवण्यात आली. त्या गाडीत बसावयाचे तर दोन्ही उद्यानांत शिरण्याची मुभा देणारे तिकीट घ्यावे लागे. त्या वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओजची उपस्थिती सुमारे ७० लक्षांवरून ८२ लक्षांवर गेली. मॅजिक किंगडमची घटली नाही. उलट सुमारे चार टक्क्यांनी वाढली. तेथेही मे २०१४ मध्ये नवी गाडी सुरू झालेली होती. सी वर्ल्डची पुन्हा घटली; तेथील व्हेलच्या बंदिवासावर २०१३ मध्ये निघालेल्या माहितीपटाने लोकमत प्रतिकूल झाले होते, हेही तेव्हा चालू होते.

डिस्नेचे खरे प्रत्युत्तर २७ मे २०१७ रोजी आले. 'अवतार' चित्रपटातील पँडोराच्या सृष्टीवर आधारलेला विभाग अॅनिमल किंगडममध्ये उघडला, आणि तेथील उपस्थिती २०१६ मधील सुमारे १ कोटी ८ लक्षांवरून २०१७ मध्ये १ कोटी २५ लक्षांवर गेली. त्याच वर्षी युनिव्हर्सलची दोन्ही उद्याने सुमारे दोन-दोन टक्क्यांनी वाढली, आणि सी वर्ल्ड सुमारे दहा टक्क्यांनी खाली आले. सप्टेंबरातील चक्रीवादळामुळे त्या वर्षी सर्वच उद्याने काही दिवस बंद होती. परंतु वादळ सर्वांना सारखे लागू असल्यामुळे हा भेद त्याने स्पष्ट होत नाही. पँडोराची घोषणा सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे पॉटरचा विभाग उघडल्यानंतर सव्वा वर्षाने, झाली होती. घोषणा ते उद्घाटन यांत जवळजवळ सहा वर्षे गेली. टिल्यू व टॉम्प्सन यांना एक हिवाळा पुरत असे.

बांधणीचा हा कालावधी स्पर्धेचे स्वरूपच बदलून टाकतो. जेथे उत्तर एका हिवाळ्यात देता येते तेथे लहान चालकही झुंजू शकतो. जेथे उत्तरासाठी सहा वर्षे व अफाट भांडवल लागते तेथे, दरम्यानची घट सोसू शकणाराच टिकतो. डिस्नेच्या नैर्ऋत्येस १९७४ साली सर्कस वर्ल्ड नावाचे उद्यान निघाले होते. १९८७ मध्ये त्याचे रूपांतर बेसबॉल व जुन्या किनारी जत्रेच्या कल्पनेवरील उद्यानात करण्यात आले, आणि जानेवारी १९९० मध्ये तेही बंद पडले. १९३६ पासून चालत आलेले सायप्रेस गार्डन्स अनेक फेरबदलांनंतर २००९ मध्ये कायमचे मिटले. त्याच भूमीवर २०११ मध्ये लेगोलँड उभे राहिले. फुले आणि पाण्यावरील कसरती ही त्या जुन्या उद्यानाची आकर्षणे. ती वाईट झालेली नव्हती. तुलना करणाऱ्याचा मापदंड बदलला होता. २२ मे २०२५ रोजी युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स ऑरलँडोत उघडले आहे, आणि हा मापदंड पुन्हा एकदा वर सरकला आहे.

६

दोन्ही इतिहासांवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नवे आकर्षण शेजाऱ्याची गर्दी ओढणार की वाढविणार, हे आकर्षणाच्या गुणावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक प्रेक्षकाच्या पैशाच्या व वेळेच्या मर्यादेवर अवलंबून असते. द्वार स्वस्त, अंतर थोडे आणि दिवस मोकळा असेल तर शेजार लाभतो. द्वार महाग आणि दिवस मोजके असतील तर शेजार नडतो. दुसरा निष्कर्ष असा की, आघाताची दिशा बहुधा तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याकडे नसून दुबळ्या तिसऱ्याकडे असते. दोघा बलवानांच्या झुंजीत त्यांची नावे गाजतात. उपस्थितीची घट मात्र भलत्याच्याच वहीत नोंदली जाते. तिसरा निष्कर्ष असा की, उपस्थिती आणि कल्याण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लूना पार्कचा मालक भर गर्दीत बुडाला.

या तिसऱ्या निष्कर्षाचा अर्थ केवळ व्यापारी नाही. नावीन्याची स्पर्धा एकदा सुरू झाली की तिची किंमत फक्त मालक देत नाहीत. रात्रीच्या पाळीत डांबर उकळणारे मजूर, ज्यांच्या ठेंगणेपणाचेच प्रदर्शन मांडले गेले अशी माणसे, पिंजऱ्यात जळून गेलेले प्राणी आणि तलावात कोंडलेले व्हेल, या साऱ्यांचा हिशेब उपस्थितीच्या आकड्यांत येत नाही. काही वेळा तो विपरीतही निघतो. ऊबपेट्यांतील अर्भकांचे प्रदर्शन आज अनुचित वाटते. परंतु ज्या काळात रुग्णालयांत अशा पेट्या दुर्मिळ होत्या त्या काळात प्रेक्षकांच्या प्रवेशमूल्यावर कित्येक बालकांचे प्राण वाचले, हेही सत्य आहे. इतिहासकाराने दोन्ही नोंदी ठेवल्या पाहिजेत.

ड्रीमलँडच्या जागेवर १९५७ पासून न्यू यॉर्कचे मत्स्यालय आहे. लूना पार्कची जागा निवासी इमारतींनी व्यापली. स्टीपलचेसचे उद्यान गेले, तरी त्याच किनाऱ्यावर १९२० चा वंडर व्हील पाळणा आणि १९२७ ची सायक्लोन गाडी अद्याप फिरत आहेत. भुयारी रेल्वे १९२० साली पाच सेंटांत किनाऱ्यापर्यंत येऊ लागली, तेव्हा आधीच्या कोणत्याही आकर्षणाने जमविली नव्हती एवढी गर्दी तेथे लोटली. आणि त्या गर्दीला मोठ्या उद्यानांपेक्षा पाच सेंटांचे सुटे खेळ अधिक परवडले. करमणुकीच्या इतिहासात आकर्षणांची यादी नेहमी ठळक अक्षरांत लिहिली जाते. त्या यादीच्या शेजारी प्रवासाचे भाडे, द्वारावरील मूल्य आणि सामान्य माणसाच्या हाती असलेली रिकामी वेळ यांची नोंद मांडली, तरच कोणाची गर्दी का वाढली आणि कोणाची का ओसरली, याचा उलगडा होऊ शकेल.